बटेराच्या पिल्लांचे वाकडे पाय : ओळख, उपचार आणि खबरदारी



पाड्यावरच्या कुटुंबाला जोडधंदा म्हणून बटेर पाळणे परवडते. जागा थोडी लागते, पक्षी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतो आणि अंडी १७ ते १८ दिवसांत उबतात. हा पक्षी म्हणजे जपानी लावा. तो भारतात १९७४ साली बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे आणला गेला. रानातला लावा वेगळा. त्याला पकडणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे प्रत्येक कुटुंबाला आधी सांगावे.

समजा, एका घरी ५० अंडी उबवायला ठेवली, त्यांतून ३५ पिल्ले निघाली आणि त्यांतल्या ५ पिल्लांना उभेच राहता येईना. अशा वेळी घरची माणसे म्हणतात, “पिल्लंच अशी निघाली, त्याला काय करणार?” या पाठात आपल्याला एवढेच शिकायचे आहे की दोष बहुधा पिल्लाचा नसतो. तो तीन ठिकाणी शोधावा : आईच्या खाद्यात, उबवणीच्या पेटीत आणि पायाखालच्या जमिनीत.

आधी थोडे थांबा

नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे वजन जेमतेम ६ ते ८ ग्रॅम असते. पहिले काही तास ते लडखडते, पडते, पुन्हा उठते. हे व्यंग नव्हे. पिल्लू कोरडे होऊन पिसे फुलेपर्यंत त्याला पेटीतच राहू द्यावे. पोटातल्या बलकावर त्याचा पहिला दिवस सहज निघतो. त्यानंतरही पाय नीट पडत नसतील, तर एकेक पिल्लू हातात घेऊन पाहावे.

तीन प्रकार ओळखा

१. फाकलेले पाय. दोन्ही किंवा एक पाय बाजूला पसरतो आणि पिल्लू पोटावर पडून राहते. नेहमीचे कारण म्हणजे गुळगुळीत जमीन : वर्तमानपत्र, प्लॅस्टिकचा ट्रे, पुठ्ठ्याचे चकचकीत खोके. पाय घसरत राहिले की मांडीचे कोवळे स्नायू ताणले जातात. उबवणीत उष्णता किंवा दमटपणा बिघडल्यामुळे अशक्त निघालेली पिल्ले लवकर फाकतात.

२. वळलेली बोटे. पुढची तीन बोटे आत किंवा बाजूला मुडपतात आणि पिल्लू मुठीवर चालल्यासारखे चालते. एकाच उबवणीत अशी पुष्कळ पिल्ले निघाली, तर आधी माद्यांचे खाद्य तपासावे. जीवनसत्त्व ब-२ कमी पडल्याचे हे ठळक लक्षण आहे. नुसत्या मक्यावर ठेवलेल्या माद्यांच्या अंड्यांत हे जीवनसत्त्व पुरेसे उतरत नाही. पेटीचे तापमान जास्त झाल्यानेही बोटे वाकडी होतात.

३. सरकलेली शीर. पायाच्या मधल्या सांध्यामागची जाड शीर जागेवरून निसटते. सांधा सुजतो, चपटा होतो आणि खालचा पाय बाहेर वळतो. मँगनीज, कोलीन, बायोटिन यांची उणीव हे यामागचे मुख्य कारण आहे. पिल्लांना अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य किंवा शिंपल्यांचा चुरा दिला, तर जास्तीच्या कॅल्शियममुळे खाद्यातले मँगनीज त्यांच्या अंगी लागत नाही.

याशिवाय, पिल्लांची मान थरथरत असेल किंवा एकामागून एक पिल्ले बसू लागली असतील, तर तो साथीचा आजार असू शकतो. घरगुती उपाय न करता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

उपचार कसा करावा

फाकलेल्या पायांवर पहिल्या दोन दिवसांत उपचार केला तर बरे होण्याची आशा चांगली असते. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीची ३-४ मिलिमीटर रुंदीची फीत कापावी. दोन्ही पाय शरीराखाली सरळ आणून, मधल्या सांध्याच्या खाली ती बेडीसारखी बांधावी. पायांत साधारण दीड ते दोन सेंटीमीटर अंतर राहावे. पट्टी आवळू नये. पिल्लू रोज वाढते, म्हणून पट्टी रोज पाहावी आणि दोन ते चार दिवसांत काढावी.

वळलेल्या बोटांसाठी पातळ पुठ्ठ्याचा पायाएवढा तुकडा घ्यावा. बोटे त्यावर सरळ पसरून वरून चिकटपट्टी लावावी. हा ‘जोडा’ एक-दोन दिवस ठेवावा. सोबत पशुवैद्याच्या सल्ल्याने पाण्यातून ब जीवनसत्त्वाचे औषध द्यावे.

बांधलेल्या पिल्लाला इतरांच्या चोचींपासून दूर, पण त्यांचा आवाज ऐकू येईल असे ठेवावे. खाद्य तोंडाशी द्यावे. पाण्याची ताटली उथळ हवी आणि तीत खडे घालावेत. नाहीतर पडलेले पिल्लू अर्ध्या इंच पाण्यातही बुडते.

शीर पूर्ण सरकल्यावर पाय सहसा बरा होत नाही. जे पिल्लू प्रयत्नांनंतरही खाऊ-पिऊ शकत नाही, त्याला उपाशी तडफडत ठेवणे ही दया नव्हे. पशुवैद्याला विचारून त्याचे हाल थांबवावेत.

खबरदारी

पायाखाली : पिल्ले निघायच्या ट्रेमध्ये आणि ब्रूडरमध्ये पहिला आठवडाभर धुतलेले तरट किंवा खरबरीत कापड अंथरावे. सुटलेले दोरे कापून टाकावेत, कारण ते पायांत अडकतात. नंतर भाताचे तूस चालते.

पेटीत : तापमान ३७.५ अंशांच्या आसपास स्थिर ठेवावे. अंडी चौदाव्या-पंधराव्या दिवसापर्यंत दिवसातून अनेकदा फिरवावीत. शेवटचे तीन दिवस फिरवणे थांबवून दमटपणा वाढवावा आणि झाकण वारंवार उघडू नये. वीज गेली तर पेटीवर गोधडी टाकावी, हवेची भोके मात्र मोकळी ठेवावीत.

ब्रूडरमध्ये : पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश उष्णता लागते. पुढे ती दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करावी.

खाद्यात : पिल्लांना २४ ते २७ टक्के प्रथिने असलेले, बारीक दळलेले सुरुवातीचे खाद्य द्यावे. अंड्यावरच्या माद्यांना मक्याबरोबर संतुलित खाद्य, शेवग्याचा पाला, ताकाची निवळी आणि खनिज मिश्रण मिळावे. पिल्लाचे पाय अंडे घालण्याआधीच आईच्या ताटात घडू लागतात.

वंशात : बटेरात भाऊ-बहिणींची जोडी लावली तर वंश फार लवकर खालावतो. दोन-तीन माद्यांमागे एक नर ठेवावा आणि नर अधूनमधून दुसऱ्या पाड्यावरच्या कळपातून बदलून घ्यावा. पाय वाकडे असलेला पक्षी, बरा झाला तरी, पैदाशीसाठी ठेवू नये.

प्रत्येक उबवणीची नोंद वहीत करावी : किती अंडी ठेवली, किती पिल्ले निघाली, किती लंगडी आणि कोणत्या प्रकारची. दोन-तीन उबवण्यांनंतर ही वहीच दोष कुठे आहे ते सांगते. आणि एखाद्या कुटुंबाला आपण बटेरांची अंडी किंवा पेटी भेट देणार असू, तर सोबत एक थर्मामीटर, तरटाचा तुकडा आणि पहिल्या महिन्याचे खाद्यही द्यावे. त्यांचा खर्च थोडा आहे, पण त्यांच्यावाचून भेट अर्धीच राहते.

उजळणीसाठी प्रश्न

१. उबवणीत एकाच पिल्लाचे पाय फाकले आणि दहा पिल्लांची बोटे वळली, तर प्रत्येक वेळी आधी काय तपासाल?
२. पिल्लांना शिंपल्यांचा चुरा का देऊ नये?
३. पायाला बांधलेली पट्टी रोज का पाहावी?
४. तुमच्या ओळखीच्या घरी ब्रूडरमध्ये आज पायाखाली काय अंथरले आहे?