त्वचेंतील एक अपरिचित जनुक



स्नान करतांना वजरीनें टांच घासली म्हणजे पांढरट चुरा निघतो. त्याला आपण मळ म्हणतों. परंतु तो सगळाच मळ नव्हे. त्यांतील पुष्कळसा भाग आपल्याच कातडीचा असतो. कांहीं आठवड्यांपूर्वीं तो त्वचेच्या तळाशीं जिवंत पेशींच्या रूपानें नांदत होता. तेथून तो हळूहळू वर सरकला, पृष्ठभागाशीं येऊन मेला, मेल्यावरहि कांहीं काळ त्यानें आपलें रक्षण केलें, आणि शेवटीं तो वजरीला लागून पाण्याबरोबर वाहून गेला. हा क्रम आपण जन्माला येण्याआधींच सुरू झालेला असतो व तो मरेपर्यंत चालावयाचा असतो. तो चालविणारीं जनुकें कोणतीं, आणि त्यांपैकीं अगदीं थोड्यांना ठाऊक असलेलें एक जनुक कोणतें, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

शरीराच्या बाहेरच्या व आंतल्या पृष्ठभागांवर पेशींचीं जीं आच्छादनें असतात त्यांस अभिस्तर असें म्हणतात. त्वचेचा वरचा भाग, तोंडाचें व आंतड्यांचें अस्तर, श्वासनलिकेची आंतली बाजू, हीं सर्व अभिस्तराचींच उदाहरणें होत. प्रत्येक अस्तर तेथील कामाला अनुरूप असें घडलेलें असतें. आंतड्याच्या अस्तराला अन्नरस शोषून घ्यावयाचा असतो. त्वचेचें काम याच्या उलट आहे. शरीरांतलें पाणी आंत राखावयाचें आणि धूळ व जंतु यांना बाहेर थोपवावयाचें, हें तिचें मुख्य कर्तव्य होय.

त्वचेच्या या अभिस्तरांत मुख्यतः चार थर आढळतात. सर्वांत खालच्या थरांत पेशींचें विभाजन होऊन नव्या पेशी निर्माण होतात. त्यावरच्या थरांत त्या एकमेकींना घट्ट धरून राहतात. तिसऱ्या थरांत त्यांच्यांत सूक्ष्म कण भरतात, म्हणून त्याला कणमय थर म्हणतात. सर्वांत वरच्या थरांतील पेशी मृत, चपट्या व टणक असतात. त्यांच्या भोंवतीं प्रथिनांचें कवच असून दोन पेशींमधील जागा स्निग्ध पदार्थांनीं भरलेली असते. पेशी या विटा आणि स्निग्ध पदार्थ हा चुना, अशी ही भिंत आहे. तळची पेशी या भिंतीपर्यंत येऊन गळून पडण्यास साधारणपणें एक महिना लागतो.

आतां जनुकांकडे वळूं. प्रथिनें कशीं घडवावयाचीं याची कृति ज्यांत लिहिलेली असते तीं जनुकें. मनुष्याच्या पेशींत अशीं सुमारें वीस हजार जनुकें असून तीं गुणसूत्रांच्या तेवीस जोड्यांवर पसरलेलीं आहेत. जवळजवळ प्रत्येक पेशींत हीं सर्व जनुकें असतात. परंतु यकृताची पेशी कांहीं जनुकें उपयोगांत आणते, तर त्वचेची पेशी दुसरीं कांहीं. १९९० सालीं सुरू होऊन २००३ सालीं पूर्ण झालेल्या मानवी जनुकसंचाच्या वाचनप्रकल्पानें यांपैकीं बहुतेकांचें स्थान निश्चित झालें. परंतु स्थान कळणें निराळें आणि काम कळणें निराळें.

आपल्याकडे शेतांना नांवें असतात. कोणतें उंबराचें शेत असतें, कोणतें विहिरीचें. परंतु ज्या शेताशीं कोणाचा फारसा संबंध आला नाहीं, तें तलाठ्याच्या दप्तरांत केवळ सर्व्हे नंबरानें ओळखलें जातें. जनुकांचेंहि तसेंच आहे. ज्यांचें काम समजलें त्यांस कामावरून नांव मिळालें. इतरांना नंबर मिळाला. आपल्या लेखाचा विषय असलेल्या जनुकाला ‘सी-१-ऑर्फ-६८’ असें म्हणत असत. यांतील ‘सी’ हें क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्र या शब्दाचें आद्याक्षर. ‘१’ म्हणजे पहिलें गुणसूत्र. ‘ऑर्फ’ म्हणजे प्रथिनाची कृति म्हणून वाचतां येण्यासारखा लेखाचा तुकडा. आणि ६८ हा अनुक्रम. सारांश, हें नांव नव्हे, हा पत्ता आहे. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं पहिल्या गुणसूत्रावर त्वचेची विशेष जनुकें शोधतांना १९९७ सालीं याची नोंद केली होती.

मग या जनुकाचा त्वचेच्या भिंतीशीं संबंध असावा, असें कशावरून म्हणतात? त्याला दोन कारणें आहेत.

पहिलें कारण शेजार. पहिल्या गुणसूत्राच्या एका लहानशा भागांत पन्नासांहून अधिक जनुकें दाटीनें बसलेलीं आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक त्वचेच्या वरच्या थरांच्या घडणीशीं संबंधित आहेत. पेशीच्या कवचाला लागणारीं लोरिक्रिन व इन्व्होल्युक्रिन हीं प्रथिनें येथलींच. फिलॅग्रिन हेंहि येथलेंच. आपलें अपरिचित जनुक याच वस्तींत राहतें. दुसरें कारण असें कीं, जनुक उपयोगांत असलें म्हणजे पेशींत त्याच्या कृतीची नक्कल तयार होते, आणि या जनुकाच्या नकला मुख्यत्वेंकरून त्वचेंतच सांपडतात.

पुण्याच्या तांबट आळींत आपण गेलों आणि तेथें बंद दाराचें एक घर दिसलें, तर आंत तांब्याचें काम चालत असावें असें आपल्याला वाटतें. आंतून ठोक्यांचा आवाज ऐकूं आला, तर तो तर्क बळावतो. परंतु आंत घागर घडत आहे, बंब घडत आहे कीं जुन्या भांड्याला पोंचे आले ते काढण्याचें काम चाललें आहे, हें दार उघडल्यावांचून सांगतां येत नाहीं. आपल्या जनुकाविषयीं शेजार कळला आहे, ठोकेहि ऐकूं आले आहेत. दार मात्र अजून पुरतें उघडलेलें नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या कार्याविषयीं बोलतांना ‘संभाव्य’ हा शब्द वापरतात. हा शब्द भित्रेपणाचा नव्हे, प्रामाणिकपणाचा आहे.

तर्क आणि सिद्धता यांत किती अंतर असतें, हें याच वस्तींतील फिलॅग्रिनच्या इतिहासावरून चांगलें समजतें. कांहीं मुलांची कातडी जन्मानंतर लवकरच कोरडी होऊन तीवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे दिसूं लागतात. या विकाराला इक्थिओसिस व्हल्गॅरिस म्हणतात. ग्रीक भाषेंत इक्थिस म्हणजे मासा. १९८५ सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथील संशोधकांनीं अशा रोग्यांच्या त्वचेची परीक्षा केली, तेव्हां कणमय थरांतील कणांचा व फिलॅग्रिन या प्रथिनाचा अभाव दिसून आला. हें प्रथिन पेशींतील केरॅटिनचे तंतु एकत्र बांधतें. पुढें त्याचेच बारीक तुकडे होऊन ते त्वचेंत पाणी धरून ठेवतात. तेव्हां दोष फिलॅग्रिनच्या जनुकांत असावा, असा संशय येणें स्वाभाविक होतें.

परंतु तें जनुक वाचणें कठीण होतें. त्यांत जवळजवळ सारखाच मजकूर दहा ते बारा वेळां ओळीनें आलेला आहे. एकच ध्रुपद पुनःपुन्हां येणारें पद उतरून घेतांना आपण कितव्या ध्रुपदावर आहों याचा जसा घोंटाळा होतो, तसा येथें होई. अखेर २००६ सालीं स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाचे अर्विन मॅक्लीन, फ्रान्सेस स्मिथ व त्यांचे सहकारी यांनीं हें काम तडीस नेलें आणि रोग्यांच्या जनुकांतील दोन निश्चित दोष दाखविले. त्याच वर्षीं हेंहि सिद्ध झालें कीं, याच दोषांमुळें इसब होण्याचा संभव वाढतो. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारें दहांतील एकाजवळ असा एखादा दोष असतो. त्या सर्वांना इसब होतो असें मात्र नाहीं. संशयापासून सिद्धतेपर्यंत एकवीस वर्षें गेलीं!

याच वस्तींतील दुसरें उदाहरण घाईनें अनुमान काढणाऱ्यास सावध करणारें आहे. एल्-सी-ई नांवाच्या कुळांतील शेजारशेजारचीं दोन जनुकें पुष्कळ निरोगी माणसांतहि मुळींच नसतात. शेजारचीं त्यांच्यासारखींच जनुकें बरेंचसें काम भागवीत असावींत. परंतु २००९ सालीं असें आढळलें कीं, हीं दोन नसलेल्यांना सोरायसिस हा त्वचारोग होण्याचा संभव कांहींसा अधिक असतो. म्हणून एखादें जनुक नसूनहि कांहीं बिघडलें नाहीं असें दिसलें, तरी तें निरुपयोगी होतें असें ठरत नाहीं.

मग आपल्या जनुकाचें दार कसें उघडावयाचें? १९७५ सालीं जेम्स राइनवॉल्ड व हॉवर्ड ग्रीन यांनीं मनुष्याच्या त्वचेच्या पेशी कांचेच्या बशींत वाढविण्याची रीत दाखवून दिली. आतां अशा पेशींपासून थरांची लहानशी त्वचाहि वाढवितां येते. तींत एकच जनुक बंद करावें आणि पाहावें: भिंत पूर्वीइतकीच घट्ट होते काय? तींतून पाणी अधिक झिरपतें काय? तें प्रथिन नेमकें कोणत्या थरांत दिसतें? त्यानंतर रोगी कुटुंबांतील माणसांत या जनुकांत कांहीं फरक आहे काय, हें तपासावें. तिन्ही बाजूंची साक्ष जुळली म्हणजे मगच त्याचें काम निश्चित कळलें असें म्हणावें.

हें काम अद्याप थोडेंच झालें आहे, याला कारण मनुष्यस्वभाव. ज्या वाटेनें पुष्कळ लोक गेले तीच वाट सर्वांना सोयीची वाटते. २०१८ सालीं अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील अभ्यासकांनीं दाखवून दिलें कीं, जनुकांवरील बहुतेक शोधनिबंध सुमारें दोन हजार जनुकांभोंवतींच फिरतात. बाकीचीं महत्त्वाचीं नाहींत असें कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. त्यांच्याकडे कोणी वळलेलें नाहीं, इतकेंच.

पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं या सर्वांतून एक गोष्ट घ्यावी अशी विनंति आहे. वर्गांत एखाद्या मुलाच्या हातावर कोरडे खवले किंवा इसब दिसला म्हणजे शेजारचा मुलगा बांकावरून दूर सरकतो. घरीं आईला, ‘तूं याला स्वच्छ ठेवीत नाहींस,’ असें ऐकावें लागतें. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. इसब व इक्थिओसिस हे स्पर्शानें लागणारे रोग नव्हेत, आणि ते अस्वच्छतेचें फळहि नव्हेत. पुष्कळ वेळां त्या मुलाच्या त्वचेची भिंतच जन्मतः थोडी विरळ असते. तिला वैद्याच्या सल्ल्यानें नियमित मलम लावून ओलावा राखावा, उग्र साबण टाळावा. आणि त्या मुलाला आपल्याजवळ बसूं द्यावें. फिलॅग्रिनचा शोध लागला नसता, तर हा दोष भिंतींतच आहे हें इतक्या खात्रीनें सांगतां आलें नसतें.

सी-१-ऑर्फ-६८ हें जनुक उद्यां कोणत्या मुलाच्या दुःखाचा उलगडा करील, हें आज सांगतां यावयाचें नाहीं. त्याचें काम शोधून काढणारा विद्यार्थी आज कोठें तरी शाळेंतच शिकत असेल. तो तुमच्यांतलाहि असूं शकेल. त्यानें तर्काला तर्क व सिद्धतेला सिद्धता म्हणण्याची संवय आतांपासूनच लावून घ्यावी.