संकेतस्थळाच्या पूरक आज्ञावली : सोय आणि सावधगिरी

मिठागरे, शेती आणि मासेमारी यांवर उपजीविका करणाऱ्या गावांतून मिरा-भाईंदर ही नगरी उभी राहिली. १२ जून १९८५ रोजी येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या आठ लाखांच्या वर नोंदली गेली. उत्तनचा मच्छीमार, मिरा रोडचा नोकरदार आणि भाईंदरचा व्यापारी या सर्वांच्या गरजा निरनिराळ्या. एवढ्या मोठ्या नगरीत कराचे देयक, दाखल्याचा अर्ज, तक्रारीची नोंद अशा सोयी संकेतस्थळावर असाव्यात, अशी नागरिकांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. अशा सोयी वाढविण्याचा एक सुलभ मार्ग म्हणजे पूरक आज्ञावली, अर्थात ‘प्लगइन’.

प्लगइन म्हणजे काय?

मजकूर साठविणे, पृष्ठे मांडणे, लेखनाचे अधिकार ठरविणे ही पायाभूत कामे संकेतस्थळाची मूळ आज्ञावली करते. २००३ साली प्रसिद्ध झालेली ‘वर्डप्रेस’ ही अशांपैकी सर्वपरिचित मुक्त आज्ञावली होय. तिच्या रचनेत ठिकठिकाणी जोडबिंदू राखलेले आहेत. पृष्ठ वाचकास दाखविण्यापूर्वी किंवा मजकूर साठविल्यानंतर, अशा टप्प्यांवर मूळ आज्ञावली तेथे जोडलेले काम आधी पार पाडते आणि मगच पुढे जाते. २००४ पासून तिच्यात ही सोय आहे. मूळ रचनेला हात न लावता नवी सोय जोडता येते. त्यामुळे मूळ आज्ञावलीची पुढील आवृत्ती बसविली, तरी जोडलेली सोय पुसली जात नाही.

धोका कोठे आहे?

अशी आज्ञावली सामान्यतः मूळ आज्ञावलीच्याच अधिकाराने चालते. छायाचित्रे मांडण्यासाठी घेतलेले प्लगइनही नागरिकांच्या अर्जांतील माहिती वाचू शकते. एका खोलीच्या रंगकामासाठी आलेल्या कारागिराच्या हाती सर्व घराच्या किल्ल्या द्याव्यात, तसाच हा प्रकार आहे.

फेब्रुवारी २०१८ मधील घटना या दृष्टीने बोधप्रद आहे. मजकूर वाचून दाखविणारी ‘ब्राउझअलाउड’ ही सोय अनेक देशांतील शासकीय संकेतस्थळांनी बसविली होती. तिच्या मूळ संचिकेतच कोणीतरी फेरफार केला. परिणामी चार हजारांहून अधिक संकेतस्थळांना भेट देणाऱ्यांचे संगणक, त्यांच्या नकळत, आभासी चलन निर्माण करण्याच्या कामी जुंपले गेले. माहितीच्या संरक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनमधील कार्यालयाचे संकेतस्थळही त्यांत होते. हेतू लोकोपयोगी असला, तरी परक्या आज्ञावलीवर लक्ष ठेवावेच लागते, हा या घटनेचा धडा होय.

कोणती दक्षता घ्यावी?

पहिली गोष्ट म्हणजे गरज तपासावी. जे काम मूळ आज्ञावलीतच होते, त्यासाठी प्लगइन घेऊ नये. ते अधिकृत संग्रहातूनच घ्यावे. त्यात शेवटची सुधारणा केव्हा झाली आणि चालू आवृत्तीशी ते जुळते काय, हे पाहावे. प्रथम संकेतस्थळाच्या चाचणी प्रतीवर ते चालवून पाहावे. संपूर्ण माहितीची राखीव प्रत घेतल्याशिवाय मुख्य संकेतस्थळावर ते बसवू नये.

सुधारणा वेळेवर कराव्यात. वापरात नसलेले प्लगइन नुसते बंद करून भागत नाही; त्याच्या संचिका संगणकावर तशाच राहतात व त्यांतील उणिवांचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो. म्हणून ते काढूनच टाकावे. मराठी मजकूर नीट दिसतो काय आणि दृष्टिहीन नागरिकास त्याचा उपयोग होतो काय, हेही तपासणे अगत्याचे आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. सायबर सुरक्षिततेची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवावे, असा निर्देश २०२२ पासून आहे.

संकेतस्थळ महानगरपालिकेचे असो वा लहान ग्रामपंचायतीचे, जडवस्तूंच्या नोंदवहीप्रमाणे प्लगइनचीही नोंदवही ठेवावी. त्याचे नाव, प्रयोजन, बसविल्याची तारीख आणि जबाबदार कर्मचारी एवढ्या नोंदी तीत असाव्यात. संकेतस्थळ उभारणारा ठेकेदार बदलतो, कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतात. परंतु नागरिकाने विश्वासाने सोपविलेली माहिती कार्यालयाकडेच राहते. तिचे रक्षण हे कार्यालयाचेच कर्तव्य आहे.