आधी कानांची चौकशी

2020 च्या टाळेबंदीत इचलकरंजीतला माझा गाण्याचा क्लास मोबाईलवर आला. पुढच्या वर्षी एक छोटा ऑनलाइन कोर्स केला, प्रमाणपत्र मिळालं आणि मी 'संगीतोपचार' म्हणून फी घ्यायला लागले.

पहिल्याच महिन्यात एका मुलानं वडिलांसाठी फोन केला. काकांची यंत्रमागावर तीस वर्षं गेली होती, निम्मी रातपाळीत. झोप लागत नव्हती. मी सांगितलं, रोज झोपताना इअरफोन लावून अर्धा तास तानपुरा ऐका. पंधरा दिवसांनी मुलगा म्हणाला, "ताई, बाबांच्या कानात सारखी शिट्टी वाजतीया. होती ती झोप पण गेली." कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. मागाच्या खडखडाटानं कान आधीच अधू झालेले. नीट ऐकू येईना म्हणून काका आवाज शेवटपर्यंत वाढवायचे. मला स्क्रीनवर दिसायचा तो डोळे मिटून शांत बसलेला माणूस.

रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाज असला की कानाला धोका मानतात. मागाच्या शेडमध्ये तो त्याहून बराच जास्त असतो. याच गावात वाढूनही मी साधं विचारलं नाही. घरी जाऊन माफी मागितली, फी परत केली.

ऑनलाइन शिकवायला माझी ना नाही. पण व्हिडिओ कॉलचं ॲप सलग सूर म्हणजे गोंगाट समजून कापतं, नेमका तानपुराच गायब होतो; 'ओरिजिनल साऊंड' चालू करायला सांगा. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे सोबत गाता येत नाही. तानपुरा विद्यार्थ्याच्या घरी लावायला सांगा, त्याला एकट्याला गाऊ द्या. पण सगळंच दुरून शिकवता येत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशींकडे शिकून इकडे आणली आणि मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकरांना समोर बसवून दिली. श्वास कुठे तुटतो ते समोर बसल्यावरच कळतं. म्हणून महिन्यातून एकदा तरी मी प्रत्यक्ष बोलावते.

'संगीतोपचार' ही पाटी मी काढली. गाण्यानं मन हलकं होतं, हे मी रोज पाहते. पण एखादा राग ऐकून रक्तदाबाच्या गोळ्या सुटतील असं कुणी सांगितलं तर एक रुपयाही देऊ नका. मन फार खचलं असेल तर सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

आणि घरात कुणी मागावर काम केलेलं असेल, तर त्यांना इअरफोन देण्याआधी एकदा कान तपासून आणा.