'मी पाहिलेला चित्रपट' : एक किल्ला आणि एक स्पायडरमॅन



'मी पाहिलेला चित्रपट' हा निबंध आपण सगळेच मुलांकडून लिहून घेतो. वह्या तपासायला बसलं की काय दिसतं, तेही तुम्हाला ठाऊक आहे. पहिली ओळ 'मला चित्रपट पाहायला खूप आवडतात', मध्ये सगळी गोष्ट, आणि शेवटी 'या चित्रपटातून आपल्याला असा बोध मिळतो की...'. वह्या चाळीस, निबंध एकच. आज यावर लिहायचं कारण म्हणजे या निबंधात माझ्याच हातून एक चूक झाली होती.

फेब्रुवारी २०२२. कोरोनानंतर शाळा पुन्हा भरायला लागल्या होत्या. सहावीला मी हा निबंध दिला. वर्गात एक मुलगा त्याच वर्षी मुंबईहून आला होता, इथे आजीकडे राहायचा. त्यानं स्पायडरमॅनवर लिहिलं. जेमतेम अर्धं पान, शुद्धलेखनाच्या नावानं बोंब. मी लाल पेनानं शेरा मारला : 'चांगल्या मराठी चित्रपटावर पुन्हा लिहून आणणे.' दुसऱ्या दिवशी त्यानं 'श्यामची आई'वर दीड पान आणलं. सुवाच्य, बोधासकट. मी दहापैकी नऊ दिले. सहज विचारलं, "कुठे पाहिलास रे?" तर म्हणाला, "पाहिला नाही मॅडम, गाइडमध्ये आहे."

मग मी मागचं पान उलटलं आणि आधीचा निबंध पुन्हा वाचला. शेवटी त्यानं लिहिलं होतं, की स्पायडरमॅनला सगळे विसरले, तो कॉफीच्या दुकानात गेला, तिथे त्याची मैत्रीण होती, पण मी कोण आहे हे त्यानं तिला सांगितलंच नाही. आणि पुढे एकच वाक्य : 'सांगायला पाहिजे होतं.'

मजा म्हणजे हा पिक्चर मी पाहिला होता! 'स्पायडर-मॅन : नो वे होम'. डिसेंबर २०२१ मध्ये लागला, तेव्हा थिएटरात निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती. भाच्याच्या हट्टापायी तालुक्याला हिंदीतला शो पाहिला. निम्म्या खुर्च्यांनी एवढा गोंगाट केला की विचारू नका. आधीच्या चित्रपटांतले दोन स्पायडरमॅन, टोबी मॅग्वायर आणि अँड्र्यू गारफिल्ड, पडद्यावर आले तेव्हा तर पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मला आपल्याकडच्या दशावताराची आठवण झाली. कोण येणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरी तो आला की टाळ्या पडतातच. माहीत असतं म्हणूनच पडतात.

एका प्रसंगात नायकाची मैत्रीण उंचावरून पडते आणि गारफिल्डचा स्पायडरमॅन तिला झेलतो. झेलल्यावर त्याचे डोळे भरून येतात. मला कळेना, हा का रडतोय? भाचा कानात कुजबुजला, "मावशी, याच्या आधीच्या पिक्चरमध्ये याची मैत्रीण अशीच पडली होती. हा वाचवू शकला नव्हता." २०१४ सालच्या चित्रपटातलं ते दुःख त्या पोरानं ध्यानात ठेवलं होतं. आणि आपण म्हणतो, ही मुलं नुसती मारामारी बघतात.

शेवटी डॉक्टर स्ट्रेंजच्या मंत्रामुळे सगळं जग पीटर पार्करला विसरतं. त्याची काकू मे तर आधीच गेलेली असते. तो मैत्रिणीला भेटायला जातो, काय बोलायचं ते कागदावर लिहून नेतो. तिच्या कपाळावरची पट्टी त्याला दिसते आणि तो काही न सांगता बाहेर पडतो. हा प्रसंग चालू असताना मी काय करत होते? खुर्चीखाली चपला शोधत होते. संपलाच आता, म्हणून.

आता दुसऱ्या चित्रपटाकडे येते. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधी २०१४ च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्याच ज्युरीनं त्याला स्फटिक अस्वल दिलं होतं, आणि मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. म्हणजे मी घरून निघतानाच ठरवून निघाले होते, की हे नीट बघायचं. थिएटरात पंधरा-वीस माणसं असतील. खरं सांगते, पहिला अर्धा तास मला कंटाळा आला. मागून एक काका म्हणाले, "पुढे काही होणार आहे का नाही?" मनात मीही तेच म्हणत होते. पण पुरस्कार माहीत होता, म्हणून टिकून राहिले.

अकरा वर्षांचा चिन्मय. वडील वारलेत, आईची बदली झाल्यामुळे पुण्याहून कोकणात आलाय. नवी शाळा, नवी पोरं. सायकली घेऊन सगळे किल्ल्यावर जातात, जोराचा पाऊस येतो आणि मित्र याला तिथेच सोडून निघून जातात. एवढाच प्रसंग. पण अंधाऱ्या थिएटरात तो पाऊस चारी बाजूंनी अंगावर येतो, काळ्या ओल्या भिंती दिसतात, आणि पोर एकटं. मागचे काकासुद्धा गप्प झाले होते. (दिग्दर्शकानं कॅमेराही स्वतःच सांभाळलाय. त्या पावसाकडे बघताना ते जाणवतं.)

त्या मुलाची वही हातात घेऊन बसले तेव्हा हे दोन्ही चित्रपट मला पहिल्यांदा शेजारी-शेजारी दिसले. दोन्हीकडे घरचं माणूस गमावलेला मुलगा, दोन्हीकडे मित्र तुटलेले, दोन्हीकडे मनातलं बोलता न येणं. मला ते 'किल्ला'मध्ये दिसलं, कारण दिसणार म्हणून मी गेले होते. स्पायडरमॅनमध्ये दिसलं नाही, कारण तिथे काही नसणार हेही मीच ठरवून गेले होते. मुंबईचे मित्र मागे टाकून आलेल्या त्या पोरानं मात्र असं काहीच ठरवलेलं नव्हतं.

दोन्हींची मजा एकच आहे असं मी म्हणत नाही. एकीत शंभर जणांबरोबर ओरडायची मजा आहे, दुसरीत पंधरा जणांत गप्प बसायची. पहिली शिकवावी लागत नाही. दुसरीसाठी मुलांना थोडी सोबत लागते. पालकहो, वर्षातून एखादा शांत चित्रपटही मुलांना थिएटरातच दाखवा. घरी रिमोट हातात असतो, कंटाळा आला की चॅनल बदलतं, आणि कंटाळ्याच्या पलीकडे काय होतं ते कळतच नाही. 'किल्ला' मी नंतर वर्गाला शाळेच्या टीव्हीवर दाखवला, तर पंख्याच्या घरघरीत पाऊस ऐकूच येईना. शेवटी उकाडा सोसून पंखे बंद केले. काही मुलं कंटाळली, दोघं चक्क झोपली. चालायचंच. पण बंड्या आला की सगळा वर्ग हसायचा.

निबंधाच्या तासाला आता मी गोष्ट विचारत नाही. विचारते, थिएटरात लोक कधी गप्प झाले? तुला कुठे कंटाळा आला? पडद्यावरचं कोण चुकलं असं वाटलं, त्याच्या जागी तू काय केलं असतंस? कुणाबरोबर गेला होतास, तो काय म्हणाला? 'बोध' या शब्दाला वर्गात बंदी आहे. पहिल्या वेळी मुलं गोंधळतात, चार ओळींपुढे जात नाहीत. त्या चार ओळी त्यांच्या असतात, म्हणून मी घाई करत नाही. चित्रपट कुठलाही चालतो. हाणामारीचा असला तरी.

त्या मुलाला मी वही घेऊन बोलावलं. लाल शेरा खोडला, स्पायडरमॅनला दहापैकी सात दिले. तीन शुद्धलेखनाचे कापले, ते कापायलाच हवे होते. वही बघून तो म्हणाला, "आणि श्यामची आईचे नऊ?"

"ते गाइडचे," मी म्हटलं. "गाइडला देऊन टाकले."