गणिताने दाखविलेली वाट

विजेची शेगडी तुम्ही पाहिली असेल. प्रवाह सुरू होताच तिची तार तापून लाल होते. शेगडीला ते हवेच असते. परंतु वीजकेंद्रापासून गावापर्यंत येणाऱ्या तारांतही थोडी वीज अशीच उष्णतेच्या रूपाने वाया जाते. धातू विजेच्या वाटेत जी अडवणूक करतो, तिला 'रोध' म्हणतात.

हा रोध साफ नाहीसा होऊ शकतो, हे १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. पारा शून्याखाली २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करताच त्याचा रोध एकाएकी लोपला! या गुणाला 'अतिसंवाहकता' असे नाव आहे. पण इतकी थंडी निर्माण करणे फार खर्चाचे. तेव्हा, कमी थंडीत हाच गुण दाखविणारा पदार्थ मिळेल काय?

शास्त्रज्ञ नील ॲशक्रॉफ्ट यांनी १९६८ साली हायड्रोजनकडे बोट दाखविले. त्याचा अणू सर्वांत हलका, म्हणून तो फार जलद कंप पावतो; आणि अणूंच्या कंपनांमुळेच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळून ते विनारोध वाहतात. मात्र हायड्रोजनला धातूचे रूप यावयास प्रचंड दाब लागतो. म्हणून हायड्रोजन विपुल असलेली संयुगे घ्यावीत, त्यांना दाब कमी पुरेल, असे त्यांनी २००४ साली सुचविले.

पण संयुगे तर असंख्य! एकेकावर प्रयोग करावयाचा तर जन्म पुरणार नाही. येथे संगणक मदतीस आला. डब्यात गोट्या भरून तो हलविला की त्या दाटीने बसतात ना? तसेच काहीसे, मात्र येथे हलविणारा हात गणिताचा. दाबाखाली अणू कसे बसतील याच्या अनेक मांडण्या संगणक करून पाहतो आणि जिची ऊर्जा सर्वांत कमी, ती निवडतो. मग तिच्यातील कंपनांवरून रोध कोणत्या तापमानाला जाईल, हे काढतो.

२०१४ साली चीनमधील जीलिन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी असे गणित मांडून भाकीत केले : गंधकाच्या एका अणूमागे हायड्रोजनचे तीन, दाब हवेच्या वीस लाख पट, आणि तापमान शून्याखाली सुमारे ७० ते ८० अंश. पुढल्याच वर्षी जर्मनीतील माइन्झ येथे मिखाईल एरेमेट्स व त्यांचे सहकारी यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू त्यांनी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये हवेच्या सुमारे पंधरा लाख पट दाबला होता. शून्याखाली ७० अंशांवरच रोध गेला. अंटार्क्टिकावर याहून अधिक थंडी पडलेली आहे!

लँथॅनम व हायड्रोजन यांच्या संयुगाचे भाकीत २०१७ साली झाले. त्याची प्रचीती शून्याखाली अवघ्या २३ अंशांवर आली, तो निबंध २०१९ सालचा. २०२० साली तर साध्या खोलीच्या तापमानाला रोध गेल्याचा एक दावा गाजला. परंतु त्यातील मापनांवर आक्षेप निघाले आणि २०२२ साली तो निबंध मागे घेण्यात आला.

हिऱ्यांची पकड सैल केली की या रचना टिकत नाहीत. त्यामुळे अशा पदार्थाच्या तारेने अजून एकही दिवा लागलेला नाही. कमी दाबात टिकेल अशी मांडणी कोणती, हे गणित आता संगणकापुढे आहे.