आधी पाणी बंद, मग दुरुस्ती
(घरातील नळ-पाइपची अडचण आणि आपण)



या सदरात आम्ही नेहमी लागण, बेणे, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या अंकात विषय थोडा वेगळा आहे. विषय आहे घरातल्या नळ-पाइपचा. ऊस विकास अधिकाऱ्याने प्लंबरचे काम कशाला सांगावे, असे कोणी म्हणेल. म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आडसाली लागणीच्या नोंदीसाठी आम्ही एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. घरातली सगळी माणसे लागणीला रानात. घरी एकट्या आजी. आम्ही मोटारसायकल लावतो न लावतो तोच आजी दारातून ओरडल्या, "अवो सायेब, बघा की जरा! घरात पाणीच पाणी झालंय!" आत जाऊन पाहिले तर बेसिनखालची नळी निसटलेली, आणि माडीवरच्या १००० लिटरच्या टाकीचे पाणी फरशीवर धो धो येत होते. शेजारच्या खोलीत युरियाची आणि गव्हाची पोती जमिनीवरच रचलेली. जमिनीवर एक जोडबोर्ड पडलेला, त्यात वायर खोचलेली, आणि पाणी त्याच्यापासून दोन बोटांवर. आजी त्याच पाण्यात अनवाणी उभ्या होत्या.

आम्ही आधी आजींना बाहेर घेतले. मेन स्विच ओसरीत कोरड्या जागी होता, तो पाडला. मग मालकांना फोन लावला आणि विचारले, "टाकीचा कॉक कुठं आहे?" हे मालक म्हणजे ठिबकचा कोणता कॉक कोणत्या बांधाला आहे, हे अंधारात सांगणारा माणूस. ते म्हणाले, "त्ये गवंड्याला इचाराय लागंल सायेब." शेवटी आम्ही माडीवर चढलो. टाकीला कॉक बसवलेलाच नव्हता. मग टाकीत हात घालून फडक्याचा बोळा आतून पाइपच्या तोंडात दाबला, तेव्हा पाणी थांबले. तोवर खालच्या थरातला युरिया विरघळून गेला होता आणि गहू भिजला होता. माणूस वाचले, हे आमचे नशीब.

दुसऱ्यास शहाणपण सांगणारे आम्ही घरी आलो आणि आमच्याच टाकीचा कॉक फिरवून पाहिला. तो गंजून जाम झालेला! म्हणून हा लेख.

पाइपलाइन फुटली तर आपण काय करतो? धावत जाऊन आधी मोटर बंद करतो. फुटलेल्या जागी कोणी हात दाबून बसत नाही. रानातला हा नियम घरात मात्र आपण विसरतो. घरात नळ फुटला की एकजण फडके दाबतो, दुसरा बादल्या लावतो, तिसरा प्लंबरला फोन करतो, आणि पाणी चालूच राहते. तेव्हा क्रम पाठ करावा : पहिले पाणी बंद, दुसरे वीज बंद, तिसरी दुरुस्ती. मात्र पाणी विजेच्या बोर्डापर्यंत गेले असेल तर वीज पहिली. मेन स्विच स्वतःच ओला असेल किंवा त्याच्यापर्यंत पाण्यातून जावे लागत असेल, तर हात लावू नये. सर्वांनी बाहेर पडून वायरमनला बोलवावे.

१) कॉक ओळखा

प्रत्येक घराला निदान तीन ठिकाणी कॉक हवेत. पहिला, गावच्या नळाचे पाणी अंगणात येते तिथे. दुसरा, माडीवरच्या टाकीतून पाणी खाली उतरते त्या पाइपला, टाकीला लागूनच. तिसरा, न्हाणीघर, संडास आणि स्वयंपाकघर यांच्या फाट्यावर एकेक. बेसिनच्या आणि संडासच्या टाकीच्या नळीला भिंतीजवळ छोटा कॉक असतो, तो वेगळा.

दांड्याचा कॉक असेल तर दांडा पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, पाइपला आडवा म्हणजे बंद. चाकाचा कॉक असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की बंद होतो. बंद अवस्थेत बरेच महिने राहिलेला किंवा कधीच न फिरवलेला कॉक जाम होतो. यासाठी महिन्यातून एकदा, अमावस्येची आठवण ठेवून म्हणा हवे तर, सगळे कॉक बंद-चालू करावेत. कॉकवर लाल रंगाचा पट्टा ओढावा.

आणि महत्त्वाचे म्हणजे हे कॉक घरातल्या सर्वांना दाखवावेत. हंगामात आपण रानात नाहीतर कारखान्याच्या वजनकाट्यावर असतो. घरी असतात त्या आजी, सूनबाई आणि शाळेतून आलेली पोरे. कॉक फिरवता यायला हवा तो त्यांना.

२) तात्पुरता बंदोबस्त

पाणी बंद झाले की निम्मी अडचण सरली. प्लंबर येईपर्यंत पुढील उपाय करता येतात.

पाइपला चीर पडली असेल तर पाइप पुसून कोरडा करावा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून चार-पाच वेढे द्यावेत आणि वरून तारेने किंवा क्लिपने आवळावे. लॅटरल फुटली तर आपण हेच करतो. यावर दिवस-दोन दिवस निघतात. त्याला कायमची दुरुस्ती मात्र समजू नये.

तोटी मोडून हातात आली असेल तर अर्ध्या इंचाचा आट्यांचा प्लग टेफलॉन टेप गुंडाळून बसवावा. ५ मिनिटांचे काम आहे. तोटी बंद करूनही ठिबकत असेल तर बहुधा आतला वायसर झिजलेला असतो. तोटी जोर लावून आवळत बसू नये, त्याने आटे जातात. वायसर बदलावा.

टाकी भरून वाहत असेल तर बॉलकॉक पाहावा. त्याच्या गोळ्याला भोक पडून आत पाणी शिरले की गोळा तरंगत नाही, आणि पाणी बंद होत नाही. टाकीच्या तोंडावर आडवी काठी ठेवून बॉलकॉकचा दांडा दोरीने वर बांधून ठेवावा. पाणी थांबते.

३) रानातला पाइप गरम पाण्याला नको

पी.व्ही.सी. पाइप जोडणे आपल्या सभासदांना शिकवावे लागत नाही. तोंडे घासून कोरडी करणे, दोन्हीकडे सोल्युशन लावणे, थोडा पीळ देऊन बसवणे आणि डब्यावर दिलेला वेळ गेल्याशिवाय पाणी न सोडणे, हे सर्वांस माहीत आहे. चूक होते ती वेगळीच. रानातला उरलेला राखाडी पाइप "वाया कशाला घालवायचा" म्हणून काहीजण गिझरला किंवा सोलरच्या गरम पाण्याला जोडतात. हा पाइप गरम पाण्याने मऊ पडतो, वाकतो आणि जोडातून निसटतो. तेव्हा खाली कोणी अंघोळीला बसलेले असेल तर काय होईल, याचा विचार करावा. गरम पाण्याला फिकट पिवळसर सी.पी.व्ही.सी. पाइपच घ्यावा आणि सोल्युशनही त्याचेच वापरावे.

गिझरच्या सेफ्टी कॉकमधून पाणी तापताना थोडे ठिबकते. ते ठिबकणे योग्यच असते. त्या तोंडाला बूच मारणे म्हणजे गिझरचा बॉम्ब करणे. सोलरच्या टाकीवरचा हवेचा पाइपही कधी बंद करू नये. टाकीतले पाणी संपले किंवा कॉक बंद केला की गिझरचे बटण आधी बंद करावे.

४) चोकअप : येथे जिवाशी गाठ आहे

मोरी किंवा संडास तुंबला की आपण आम्ल ओततो. येथे आपल्या सभासदांस धोका जास्त आहे, कारण ठिबक संचाच्या सफाईसाठी आणलेले हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ब्लिचिंग पावडर या दोन्ही वस्तू घरात असतात. पावडर टाकून उतार पडला नाही म्हणून वर आम्ल ओतले तर क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हा वायू फुप्फुसे जाळतो. बाजारात मिळणाऱ्या संडास धुण्याच्या औषधातही बहुधा आम्लच असते. म्हणून आम्ल आणि ब्लिचिंग कधीही, कोणत्याही कारणाने एकत्र येऊ देऊ नये. घरात दोन्ही वेगळ्या जागी, कुलपात ठेवावीत. चुकून असा वायू सुटलाच तर तिथे पाणी ओतत न बसता मोकळ्या हवेत यावे, दारे उघडी टाकावीत आणि दवाखाना गाठावा.

चोकअप काढायला काठीला रबरी वाटी असलेला पंप घ्यावा. भांड्यात पाणी भरून दहा-पंधरा वेळा दाबून ओढावे. बेसिन तुंबले असेल तर खाली बादली ठेवून बाटलीसारखा भाग हाताने खोलावा. केस आणि खरकटे तिथेच अडकलेले असते.

सेप्टिक टाकी भरली असेल तर झाकण उघडून आत कोणीही उतरू नये, काडी ओढून पाहू नये. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. माणसाला टाकीत उतरवून अशी धोक्याची सफाई करून घेण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. मैला ओढणारी गाडी मागवावी.

५) गटारीजवळची गळती

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमधून अनेक वाड्यावस्त्यांवर नळ पोचले. पण घराकडे येणारा पाइप पुष्कळदा गटारीतून किंवा उकिरड्याकडेने जातो. तिथे गळती असेल तर पाणी चालू असताना ते बाहेर येते, आणि पाणी गेल्यावर गटारीचे पाणी आत शिरते. नळाला थेट मोटर लावली की ते आणखी ओढले जाते. काविळीची आणि हगवणीची साथ अशीच घरात येते. अशी गळती दिसताच ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यास कळवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून प्यावे.

६) घरातली पेटी

रानात जशी ठिबकची पेटी असते तशी घरात एक डबा ठेवावा. त्यात मोठा पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, करवतीचे पान, टेफलॉन टेप, अर्ध्या इंची वायसर ४, आट्यांचे प्लग २, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, थोडी तार, बॅटरी आणि प्लंबर व वायरमन यांचे फोन नंबर लिहिलेला कागद असावा. डबा जिन्याखाली टांगावा, म्हणजे शोधाशोध नको. खताची व धान्याची पोती फळ्यांवर रचावीत. वीजगळती होताच आपोआप पडणारा ब्रेकर वायरमनकडून मेनला बसवून घ्यावा.

शेवटी हिशेब. ठिबकणाऱ्या तोटीखाली १ लिटरचे भांडे ठेवून पाहा. ते १० मिनिटांत भरले, तर दिवसाला १४४ लिटर पाणी गेले. गावच्या योजनेत माणशी रोजचे माप ५५ लिटर आहे. म्हणजे एक तोटी दोन माणसांच्या वाट्याहून जास्त पाणी पिते. पट्टा पद्धत आणि ठिबक करून आपण रानात पाणी वाचवायचे आणि घरात असे घालवायचे, हे बरे नव्हे.

ज्या वस्तीची हकिगत सांगितली, तिथे आम्ही ऑक्टोबरात पुन्हा गेलो होतो. टाकीला नवा कॉक बसला होता, वर लाल पट्टा. आजींनी हाताला धरून दाखवला आणि म्हणाल्या, "आता मीच फिरवतो बघा म्हैन्याला. पोराला इसर पडतो."

सभासदांनी येत्या सुटीच्या दिवशी एवढेच करावे. घरातल्या सर्वांना घेऊन तीन कॉक शोधावेत, फिरवून पाहावेत. जाम असेल तो बदलावा, नसेल तिथे बसवून घ्यावा. पुढील अंकात नेहमीप्रमाणे उसाकडे वळू.



ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग