शपथ घालण्याआधी



दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला त्याची आई किंवा पत्नी आमच्याकडे घेऊन येते, तेव्हा तिची विनंती एकच असते, "फादर, क्रुसासमोर शपथ घाला, उद्यापासून थेंबही घेणार नाही म्हणून." तिची तळमळ खरी आहे. पण वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरतात, आकडी येऊ शकते, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून आधी डॉक्टर, मग शपथ.

व्यसन सुटेपर्यंत माणूस जिवंत राहावा यासाठी जे केले जाते त्याला 'हानी कमी करणे' म्हणतात. सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया दिल्या तर एचआयव्हीचा प्रसार रोखता येतो. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायला दिली तर सुईची गरज कमी होते. सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात या दोन्ही गोष्टी आहेत. मुंबईत 'संकल्प' ही संस्था १९९५ पासून या क्षेत्रात आहे.

मग ही पापाला मदत नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, आणि ख्रिस्तसभेतही त्यावर एकमत नाही. १९९९ साली सिडनीत धर्मभगिनी देखरेखीखालील इंजेक्शन केंद्र चालवायला तयार होत्या. व्हॅटिकनने त्यांना माघार घ्यायला लावली, आणि २००१ मध्ये ते केंद्र युनायटिंग चर्चने सुरू केले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१४ साली बजावले की पर्यायी औषधे हा पुरेसा उपचार नसून ती झाकलेली शरणागती आहे. गोळी हातावर ठेवून माणसाला विसरायचे असेल, तर ती शरणागतीच. पण गोळीनंतरही त्याच्यामागे उभे राहिलो, तर तिला शरणागती म्हणवत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हेतू आणि सहभाग यांतला भेद शिकलो. सुई देणाऱ्याचा हेतू नशा हा नसतो. शोमरोन्याने जखमी वाटसरूला 'या वाटेने एकटा का आलास' असे विचारले नाही. आधी जखमा बांधल्या आणि पुढच्या खर्चाचीही हमी दिली.

पूर्ण मुक्ती हे ध्येय मात्र सोडायचे नाही. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली 'कृपा फाउंडेशन' सुरू केले, ते याच ध्येयाने. योगासने आणि व्यसनमुक्तांची एकमेकांना साथ हा तिथला पाया आहे.

आपल्या जळगाव जामोदमध्ये आमच्यासमोर येणारे दुःख बहुधा बाटलीचेच असते. तेव्हा घरच्यांनी एवढे करावे: दारू तोडायची ठरली की त्याला एकटे ठेवू नये. आकडी आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. पिऊन बेशुद्ध पडला असेल तर कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. हाक मारूनही जागा होत नसेल तर तोही दवाखान्याचाच रुग्ण. सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ ही आहे. आणि रविवारी तो मिस्साला आलाच, तर बाकावर थोडे सरकून त्याला जागा द्यावी, वास येत असला तरी.